जुनी यंत्रं एकमेकांशी बोलती करताना: टेलिप्रिंटर, टर्मिनल, मोडेम आणि डायलचे फोन

कडकट्ट

जुने संगणक आणि जुनी संपर्कसाधनं जमवणारे इथे बरेच जण आहेत. पण आपल्या गप्पा बहुतेक एकेका यंत्राभोवती फिरतात: मॉडेल कुठलं, साल कुठलं, केसिंग किती पिवळं पडलंय. माझा जीव रमतो तो यंत्रं जोडण्यात. नुसतं टर्मिनल (दुसऱ्या संगणकाशी बोलायचा पडदा आणि कीबोर्ड) टेबलावर ठेवलं तर त्याचा कर्सर लुकलुकत राहतो, एवढंच. मागे केबल लागली आणि पलीकडे कुणीतरी ऐकणारं आलं की ते कशासाठी बनलं होतं ते समजतं. टेलिप्रिंटर, मोडेम, मोर्सची की, डायलचा फोन ही सगळी दुसऱ्या टोकासाठी घडवलेली यंत्रं. ते टोक आपणच उभं करावं लागतं आणि या छंदातलं खरं सुख मला तिथे सापडतं.

सध्या माझ्याकडे टेलिटाइप मॉडेल ३३ लिनक्सच्या मशीनला जोडलेला आहे. हा टेलिप्रिंटर १९६३ चा, अक्षरांना आकडे नेमून देणारा आस्की संकेतही त्याच वर्षीचा. वेग सेकंदाला १० अक्षरं. प्रत्येक अक्षरामागे ११ बिट जातात: सुरुवातीचा १, मजकुराचे ८ आणि थांब्याचे २. म्हणून ११० बॉड, म्हणजे इथे सेकंदाला ११० बिट. दोन थांबे का, तर आतल्या कॅम आणि क्लचला फेरी संपवून जागेवर यायला तेवढा अवधी हवा. ओळ संपल्यावर आधी 'कॅरेज रिटर्न' आणि मग 'लाइन फीड' असे दोन वेगळे संकेत पाठवायचे, त्याचंही कारण समोर दिसतं. छपाईची गाडी उजवीकडून डावीकडे परत येईपर्यंत दुसऱ्या संकेताने कागद वर सरकतो आणि वेळ निभावून नेली जाते. विंडोजमधल्या साध्या मजकुराच्या फायलींत प्रत्येक ओळीच्या शेवटी हे दोन्ही संकेत आजही असतात. ते मी कितीदा वाचलं होतं, पण गाडी आपटून परत येताना ऐकली तेव्हा ते अंगात मुरलं.

जोडणी करताना दोन अडचणी आल्या. पहिली, हा टेलिप्रिंटर २० मिलिअँपिअरच्या करंट लूपवर चालतो. निवांत असताना लूपमध्ये प्रवाह वाहत असतो आणि तो तुटला की यंत्र नुसतं खडखडत सुटतं. त्यामुळे मध्ये ऑप्टोकपलर (प्रकाशातून संकेत पलीकडे नेणारा भाग) घालून रूपांतर करावं लागतं. दुसरी, बरेच यूएसबी-सिरियल अडॅप्टर ३०० बॉडच्या खाली उतरतच नाहीत. मी मध्ये एक छोटा मायक्रोकंट्रोलर बसवला. तो संगणकाशी वेगाने बोलतो आणि टेलिप्रिंटरशी ११० ने.

आता थोडा हिशेब. ८० स्तंभ आणि २४ ओळींच्या पडद्यावर १९२० अक्षरं मावतात. तेवढा मजकूर ११० बॉडला १९२ सेकंद घेतो, ३०० बॉडला ६४ सेकंद आणि ९६०० ला फक्त २. युनिक्सचा जुना 'एड' एडिटर चूक झाली की फक्त एक प्रश्नचिन्ह छापतो. काचेच्या पडद्यावर तो तुसडा वाटतो. कागदावर, या वेगाने काम करताना, त्याच्याइतकं शहाणं काही नाही असं माझं ठाम मत झालंय.

तुम्ही काय काय जोडलंय? आणि जोडण्याआधी बरीच वर्षं बंद पडलेलं यंत्र जागं कसं करता?

डायलटोन

वाचनखूण साठवली. धागा काढलात हे फार बरं झालं.

माझा प्रांत फोनचा. रोटरी डायलमध्ये इलेक्ट्रॉनिक्स काहीच नसतं. बोटाने चकती फिरवून सोडली की स्प्रिंगने ती परत येते आणि येताना लाइनचं सर्किट ठरावीक वेळा तोडते, साधारण सेकंदाला १० वेळा. हा वेग राखायला आत एक इवलासा गव्हर्नर असतो. वेग ढळला तर आधी तो साफ करा, स्प्रिंगला हात नंतर. बहुतेक देशांत १ म्हणजे एक पल्स आणि ० म्हणजे दहा. स्वीडनमध्ये ० म्हणजे एक पल्स, आणि न्यूझीलंडच्या डायलवर आकडे उलट्या क्रमाने. त्यामुळे परदेशी फोन हाती आला तर आधी पल्स मोजा. नाहीतर फोन बिघडलाय असं समजून तुम्ही ठणठणीत डायल उघडून बसाल.

या पल्स पलीकडे कुठे जायच्या, तर स्ट्रोजरच्या स्विचकडे. आल्मन स्ट्रोजर हे व्यवसायाने अंत्यविधीची व्यवस्था पाहणारे. त्यांना १८९१ मध्ये स्वयंचलित एक्स्चेंजचं पेटंट मिळालं. पहिला आकडा फिरवला की स्विचचा दांडा तितक्या पायऱ्या वर चढतो, पुढचा फिरवला की आडवा फिरतो. म्हणजे तुमच्या बोटाची हालचाल दूर कुठेतरी लोखंडात जशीच्या तशी उमटते. डायल फिरवायची आणि समोर स्विच चढताना पाहायचा, याची सर कुठल्याही टचस्क्रीनला नाही.

घरात खरं एक्स्चेंज ठेवणं सगळ्यांना शक्य नाही. त्यावर उपाय म्हणजे पल्स समजणारी जुनी छोटी पीबीएक्स (खासगी एक्स्चेंज), नाहीतर अ‍ॅस्टेरिस्क हे एक्स्चेंजचं काम करणारं सॉफ्टवेअर आणि त्याला जोडलेला अडॅप्टर. इंटरनेट फोनचे अनेक अडॅप्टर फक्त टोन ओळखतात, पल्स नाही. हे घेण्याआधी पाहून घ्या. एक इशाराही देतो: घंटीच्या वेळी लाइनवर ७५ ते ९० व्होल्टचा एसी असतो. तारा हातात धरून जोडाजोड करू नका.

मूळबरहुकूम

लेख आवडला, पण माझा सूर थोडा वेगळा आहे. यंत्र जोडायचं म्हणजे चालवायचं, चालवायचं म्हणजे भाग बदलायचे, आणि भाग बदलले की पुरावा जातो. पहिल्या मॅकिन्टॉशच्या केसिंगमध्ये आतल्या बाजूला ते घडवणाऱ्या चमूच्या सह्या प्लास्टिकमध्येच उमटवलेल्या आहेत, हे सगळ्यांना माहीत असतं. पण तितकंच मोलाचं असतं ते बोर्डावर: कारखान्यातच सोल्डर केलेल्या दुरुस्तीच्या तारा, हाताने लिहिलेले तपासणीचे शेरे, चिपांवरच्या तारखांचे आकडे. त्यांवरून एखादा बोर्ड कसा सुधारत गेला ते वाचता येतं. हल्ली लोक यंत्र आणलं रे आणलं की सगळे कपॅसिटर उपटतात. चांगले असलेलेही.

आणि पिवळं प्लास्टिक पांढरं करायचा सोस तर मला अजिबात मान्य नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून अतिनील प्रकाशात ठेवलं की रंग उजळतो खरा, पण पिवळेपणा पुढे परत येऊ शकतो. त्यात लेप सगळीकडे सारखा लागला नाही तर कायमचे डाग पडतात. वय दिसलं तर बिघडलं कुठे?

फेराइट

मूळबरहुकूम, पांढरं करण्याबाबत तुमच्याशी पूर्ण सहमत. सरसकट कपॅसिटर बदलण्यालाही माझा विरोधच आहे. पण 'हात लावू नका' हे सगळीकडे चालत नाही, कारण काही भाग बंद यंत्रालाही आतून खात असतात.

सगळ्यात आधी बॅटरी. २८६, ३८६ प्रोसेसरच्या काळातल्या पीसीच्या बोर्डांवर पिंपाच्या आकाराची निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असते. अमिगा २००० आणि ५०० प्लस या संगणकांमध्येही. ती गळते आणि तिच्यातला अल्कधर्मी द्राव तांब्याच्या वाटा खात जातो. यंत्र कपाटात नीट ठेवलं होतं यावर विसंबू नका, बॅटरीला कपाट कळत नाही. ती कापून काढा, डागावर थोडं व्हिनेगर लावून अल्कली मारा, मग डिस्टिल्ड पाण्याने आणि शेवटी आयसोप्रोपिलने धुवा. मॅकिन्टॉशमधली अर्ध्या पेन्सिल सेलएवढी ३.६ व्होल्टची लिथियम बॅटरी फुटली तर सगळा बोर्ड गंजवते. एसई/३० सारख्या मॅकिन्टॉशच्या बोर्डांवरचे पृष्ठभागी बसवलेले छोटे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही गळतात. अशा ठिकाणी पुरावा जपायचा तर आधी बारीक फोटो काढायचे, मग गळका भाग काढून तो पिशवीत घालून, चिठ्ठी लावून यंत्राबरोबरच ठेवायचा. व्हॉल्व्हच्या रेडिओत तर जुन्या कपॅसिटरच्या पोकळ डब्यात नवा बसवता येतो. चेसिसचं रूप तसंच राहतं.

कडकट्ट, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळते. यंत्र जागं करण्यात निम्मं काम पॉवर सप्लायचं असतं, आणि तो यंत्रापासून सोडवून एकटा तपासायचा. कमोडोर ६४ च्या मूळ सप्लायमधला ५ व्होल्टचा रेग्युलेटर बिघडतो तेव्हा पुष्कळदा व्होल्टेज पडत नाही, वर चढतं. मग रॅमच्या चिपा जातात. त्यातले बरेच सप्लाय इपॉक्सीत बुडवलेले असल्यामुळे उघडून दुरुस्त करणंही कठीण. तिथे नवा सप्लाय वापरावा आणि जुना शोभेला ठेवावा. ज्या यंत्रांत ४११६ रॅम आहे, उदाहरणार्थ झेडएक्स स्पेक्ट्रम, तिथे +१२, +५ आणि −५ असे तीन पुरवठे लागतात. −५ गायब झाला की चिपा मरतात, म्हणून तिन्ही मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये.

अ‍ॅपल २ आणि बीबीसी मायक्रोच्या सप्लायमध्ये मेन्सच्या वाटेवर पारदर्शक पिवळट आवरणाचे कागदी कपॅसिटर असतात. आवरणाला बारीक तडे जातात, ओल आत शिरते आणि वीज लावल्यावर काही वेळाने ते दाट धूर सोडतात. तडे दिसले की आधी ते बदला. त्या जागी मेन्ससाठी प्रमाणित केलेला एक्स वर्गाचाच घ्या, दुसरा कुठलाही चालत नाही.

ट्रान्सफॉर्मरवाल्या यंत्रांसाठी मेन्समध्ये एक साधा तंतूचा दिवा सिरीजमध्ये लावते. आत शॉर्ट असेल तर दिवा लख्ख पेटतो आणि यंत्र वाचतं. स्विचिंग सप्लायला ही युक्ती फारशी उपयोगी नाही. तिथे योग्य भार लावूनच मोजमाप करायचं.

पाचबिट

+१. फेराइट, तुमचा प्रतिसाद छापून कामाच्या टेबलासमोर लावण्यासारखा आहे.

मी रेडिओच्या बाजूचा. माझ्याकडे पाच बिटांचा टेलिप्रिंटर आहे आणि तो शॉर्टवेव्ह रिसीव्हरला जोडलेला आहे. हौशी रेडिओवाले आजही आरटीटीवाय (रेडिओवरून टेलिप्रिंटर) वापरतात: वेग ४५.४५ बॉड आणि दोन सुरांमधलं अंतर १७० हर्ट्झ. ऐकायला सुरुवात करा. पाठवायचं असेल तर परवाना लागतो.

पाच बिटांत ३२ च जोड्या बसतात. त्यामुळे एकच जोडी कधी अक्षर असते, कधी आकडा, आणि कुठलं घ्यायचं ते आधी आलेला शिफ्टचा संकेत ठरवतो. तो संकेत खरखरीत हरवला की पुढचा मजकूर भलताच छापला जातो. वरच्या रांगेतल्या क्यू पासून पी पर्यंतच्या अक्षरांच्या जागी १ पासून ० पर्यंतचे आकडे. '५९९' हा संदेश 'टीओओ' म्हणून छापून आला तरी मुरलेला ऑपरेटर तो ५९९ असाच वाचतो. तपासणीसाठी लोक 'आरवायआरवाय' पाठवत राहतात, कारण आर आणि वाय यांचे बिट एकमेकांच्या नेमके उलट असतात. अक्षर निवडणाऱ्या सिलेक्टरला प्रत्येक वेळी सगळे बिट पालटावे लागतात आणि यंत्र ढिलं असेल तर लगेच उघडं पडतं.

डीकोडर म्हणून संगणकातला प्रोग्रॅम केव्हाही जास्त अचूक, हे मान्य. तरी रात्री सिग्नल हळूहळू बुडत जातो तेव्हा शब्द सुटे होतात, मग अक्षरं चुकतात, मग नुसते आकडे पडतात. कागदाच्या त्या पट्टीवर आयनोस्फिअरची हालचाल उतरलेली असते. मी त्या गुंडाळ्या टाकत नाही.

चौकस

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचते आहे, आज विचारतेच. जागा कमी आहे, सोल्डरिंग जेमतेम येतं. मोठा टेलिप्रिंटर किंवा चित्रनळीचं टर्मिनल झेपणार नाही. तरीही 'जोडण्याचा' अनुभव घ्यायचा असेल तर सुरुवात कशाने करू? आणि हे सगळं एम्युलेटरवर (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) करता येत असेल तर खऱ्या यंत्राचा हट्ट का?

कागदीफीत

चौकस, एम्युलेटरचा अजिबात दुस्वास करू नका. सिमएच या एम्युलेटरवर पीडीपी-८ किंवा पीडीपी-११ हे जुने संगणक चालवून पाहिल्याशिवाय खऱ्या यंत्राचे स्विच कशाचे हे समजणं अवघड. सॉफ्टवेअर जगवायचं काम एम्युलेटरच करणार आहे. पण त्याच्या पोटात घालायला मजकूर हवा आणि तो जुन्या माध्यमांवरून उतरवणारं कुणीतरी हवं. मी तेच करतो.

म्हणून माझा आग्रह असा की यंत्र मिळालं की सर्वांत आधी त्यातला डेटा वाचवा, चकाकी नंतर. काचेची खिडकी असलेल्या ईप्रॉम या मेमरी चिपवरचं स्टिकर सोलून बघू नका. ते अतिनील प्रकाशापासून आतला मजकूर जपतं आणि पुष्कळदा आवृत्तीचा क्रमांकही त्यावरच असतो. चिप वाचून प्रत काढा, एकदा नव्हे, दोनदा, आणि दोन्ही प्रती जुळतात का पाहा. फ्लॉपीवर बुरशीचे ठिपके दिसले तर ती ड्राइव्हमध्ये घालूच नका, बुरशी हेडवर जाईल आणि हेड पुढच्या फ्लॉपीला ओरखडे पाडेल. फ्लॉपी वाचताना शक्यतो ग्रीझवीझलसारखं साधन वापरा. ते चुंबकीय बदलांच्या वेळाच नोंदवतं, त्यामुळे अनोळखी फॉरमॅटचा अर्थ नंतर सावकाश लावता येतो.

कागदी फीत मात्र कमालीची टिकाऊ. भोकं डोळ्यांनी दिसतात, वेळ पडली तर फोटोवरून वाचता येतात. रबर मात्र दगा देतं. टेप ड्राइव्हचे रोलर, पट्टे, टेलिप्रिंटरच्या हातोडीवरची गादी, सगळं कालांतराने चिकट लगदा होतं. एचपी ८५ चा टेप रोलर त्यासाठी प्रसिद्धच आहे. तो न बदलता आत कॅसेट घातलीत तर टेप गेलीच म्हणून समजा.

फेराइट

चौकस, तुमच्यासाठी माझ्या डोळ्यांसमोर एकच यंत्र येतं: टीआरएस-८० मॉडेल १००, साल १९८३. वहीएवढा आकार, ४० स्तंभ आणि ८ ओळींचा एलसीडी पडदा, चार साध्या पेन्सिल सेलवर चालतो. चित्रनळी नाही, म्हणजे आत हजारो व्होल्टचा धोका नाही. बटणं अशी की लांब मजकूर लिहावासा वाटतो, आणि ३०० बॉडचा मोडेम आतच. त्या काळी पत्रकार बातमी त्यावर लिहून तिथूनच फोनवरून धाडत. संगणक आणि संपर्कसाधन एकाच डब्यात, म्हणजे या धाग्याचा विषयच तुमच्या मांडीवर. आतली मेमरी राखणारी निकेल-कॅडमियम बॅटरी मात्र बोर्डावर सोल्डर केलेली असते. ती बदलून घ्या. तेवढं काम जेमतेम सोल्डरिंगवरही निभेल, नाहीतर कुणाच्या तरी शेजारी बसून करा.

चित्रनळीचं टर्मिनल पुढे कधी घेतलंत तर ते बंद केल्यावरही नळीत भार उरतो, हे विसरू नका. तो कसा उतरवायचा ते कुणी प्रत्यक्ष दाखवल्याशिवाय झाकण उघडू नये. बाकी व्हीटी१०० हे अत्यंत समाधान देणारं यंत्र. १९७८ सालचं, आत ८०८० प्रोसेसर. त्याने रूढ केलेले एस्केप संकेत (कर्सर हलव, पडदा पूस असं सांगणारे) आजच्या टर्मिनलच्या खिडक्या अजून पाळतात, म्हणून लिनक्सला जोडलं की एडिटर वगैरे लगेच चालतात. एक्सऑन-एक्सऑफ ('पाठव' आणि 'थांब' सांगणारे संकेत) चालू ठेवा, नाहीतर जास्त वेगाला ओळी गळतात.

मूळबरहुकूम

फेराइट, भाग पिशवीत घालून चिठ्ठीसह ठेवण्याची पद्धत मला पटली. बॅटरीबाबतचं म्हणणं मागे घेतो. फक्त एक जोड द्या: काय बदललं, कधी, कुणी, याची नोंद केसिंगच्या आतच ठेवावी. पुढच्या माणसाला आपण कुठे हात लावला ते कळलं पाहिजे.

बिनचूक नोंदी ठेवून चालवण्याचं मोठं उदाहरण म्हणजे ब्लेचली पार्कमधल्या संगणक संग्रहालयातला हार्वेल डेकाट्रॉन हा संगणक. १९५१ चा, रिले आणि डेकाट्रॉन (आकडे मोजणाऱ्या) नळ्यांवर चालणारा, २०१२ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा सुरू झाला. एका गुणाकाराला काही सेकंद घेतो आणि नळ्यांतले ठिपके फिरताना आकडा बदललेला डोळ्यांना दिसतो. तो बंद ठेवला असता तर हे दिसलं नसतं, एवढं मीही मान्य करतो.

चौकस

सगळ्यांचे आभार. मॉडेल १०० मिळवलाय, बॅटरी एका जाणकार ताईंच्या देखरेखीखाली बदलली, जुनी पिशवीत ठेवली आणि नोंदही लिहिली. आता त्याला पलीकडचं टोक हवंय. कडकट्ट, तुमच्या टेलिप्रिंटरवर माझा मजकूर छापून येईल का?

कडकट्ट

येईल, आणि मला तर याहून मोठा आनंद नाही! माझ्याकडे ३०० बॉडचा बेल १०३ पद्धतीचा मोडेम आहे, तो फोन उचलेल. तिथून मजकूर लिनक्समध्ये आणि मग ११० ने कागदावर. एक लक्षात घ्या: तुम्ही सेकंदाला ३० अक्षरं पाठवणार आणि इथे १० छापली जाणार. माझा बफर भरत आला की तुम्हाला एक्सऑफ जाईल, तुमच्याकडचं पाठवणं थांबेल, पुन्हा सुरू होईल. मध्येच थांबलं म्हणून फोन ठेवू नका. इंग्रजी अक्षरं सगळी कॅपिटलच छापली जातील, मॉडेल ३३ ला स्मॉल येत नाहीत.

डायलटोन

मधली लाइन माझ्या अ‍ॅस्टेरिस्कमधून न्या. कोडेक (आवाजाचे आकडे करायची पद्धत) जी.७११ ठेवा, दाबणारं दुसरं काहीही मोडेमचे सूर मोडून टाकतं. एको कॅन्सलेशन (प्रतिध्वनी खोडणं) दोन्ही टोकांना बंद, जिटर बफर (उशिरा-लवकर येणारा आवाज सारखा करणारा साठा) स्थिर. एवढं केलं तर ३०० बॉड इंटरनेटवरूनही छान टिकतो. चौकस, मॉडेल १०० स्वतः नंबर फिरवतो तो पल्सनेच, त्यामुळे तुमचा अडॅप्टर पल्स समजणारा लागेल. नसेल तर साध्या फोनने नंबर लावा, पलीकडचा सूर ऐकू आला की मॉडेल १०० लाइनवर घ्या.

फेराइट

चौकस, मॉडेल १०० च्या डाव्या बाजूला दोन छोटे स्विच आहेत. केबलने थेट जोडताय, म्हणून एक 'डीआयआर' वर. फोन तुम्ही लावणार, म्हणून दुसरा 'ओआरआयजी' वर. आतल्या टेलकॉम प्रोग्रॅममध्ये मोडेम निवडा, ८ बिट, पॅरिटी नाही, १ थांबा, आणि एक्सऑन चालू.

पाचबिट

पहिली ओळ आरवायआरवायचीच पाठवा. आस्कीत तिचा तो खास गुण उरत नाही, पण टेलिप्रिंटरचा मान म्हणून. आणि कडकट्ट, कागदाचा फोटो इथे नक्की टाका.